आठवणींची मांडणी: नाशकात पहिलं सहभागी इन्स्टॉलेशन उभं करायचं तर

सहभागी इन्स्टॉलेशन, म्हणजे बघायला आलेल्या माणसांनीच भर घालून पूर्ण करायची कलामांडणी, म्हटलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर सेन्सर, प्रोजेक्टर आणि भिंतभर नाचणारे दिवे येतात. मग कुणीतरी खर्चाचा अंदाज काढतं आणि बेत तिथेच बारगळतो. आपल्या आळीतल्या, सोसायटीतल्या किंवा वाचनालयातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच अक्षरात आणि आवाजात मांडायच्या आहेत, पण खिशात फार तर तीन-चार हजार रुपये आहेत, अशांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामात यंत्र सर्वांत शेवटी येतं. प्रश्न काय विचारला आणि आलेल्या माणसाला कसं वागवलं, यावरच मांडणी तरते किंवा बुडते.

आधी थोडं बघून घ्या

कँडी चँग या कलाकार बाईंनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एका ओसाड घराला फळ्याचा काळा रंग दिला. 'मरण्याआधी मला अमुक करायचंय' अशा अर्थाचं एकच अपूर्ण वाक्य त्यावर स्टेन्सिलने ओळीओळीने छापलं आणि खडू ठेवून दिले. पुढे तशा भिंती कितीतरी देशांत उभ्या राहिल्या.

क्रोएशियात झाग्रेबला ओलिंका विश्तित्सा आणि द्राजेन ग्रुबिशिच वेगळे झाले, तेव्हा दोघांच्या सामायिक वस्तूंचं करायचं काय असा प्रश्न पडला. त्यातून २००६ मध्ये तुटलेल्या नात्यांतल्या वस्तूंचं प्रदर्शन निघालं आणि २०१० मध्ये त्याचं कायमचं संग्रहालय झालं. लोक वस्तू पाठवतात, सोबत तिची गोष्ट लिहितात, स्वतःचं नाव देत नाहीत.

जपानमधल्या ओत्सुचीत इतारू सासाकी यांनी २०१० मध्ये आपल्या गेलेल्या चुलतभावाशी बोलता यावं म्हणून बागेत एक टेलिफोन बूथ उभा केला. आतल्या फोनला लाइनच नाही. पुढच्याच वर्षी त्सुनामी आली आणि घरची माणसं गमावलेले लोक त्या फोनवर बोलायला येऊ लागले.

आपल्याकडेही नमुने आहेत. भोपाळ वायुदुर्घटनेतून वाचलेल्यांच्या वस्तू आणि त्यांचे आवाज जपणारं संग्रहालय तिथे २०१४ मध्ये सुरू झालं. अहमदाबादला मिर्झापूर भागात २०१३ पासून कॉन्फ्लिक्टोरियम हे संघर्षाच्या विषयावरचं संग्रहालय आहे. तिथे बरणीत आपली आठवण ठेवून तिला चिठ्ठी लावता येते, आणि झाडाला माफीची चिठ्ठी बांधता येते. नाशकाहून रात्रीच्या गाडीने जाण्याइतकंच ते लांब आहे, तेव्हा जमलं तर एकदा जाऊन या. या सगळ्या ठिकाणी सामान अगदी किरकोळ आहे: खडू, बरण्या, बंद फोन.

पायरी १: विषय गावातला, पण कोपरा एकच

'नाशिकच्या आठवणी' हा विषय घेऊ नका. त्यात चिवडा, मिसळ, द्राक्षं आणि 'पूर्वी किती गार हवा होती' एवढंच जमा होतं. त्यापेक्षा एक बारीक कोपरा पकडा.

पूर हा आपल्याकडचा हमखास विषय. १९६९ चा महापूर बघितलेली माणसं अजून आहेत. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तर तिशीतल्यांनाही आठवतात. पाणी किती आलं हे नाशिककर फुटांत सांगत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, असं सांगतो. म्हणजे मोजपट्टीही गावानेच ठरवलेली आहे. सराफ बाजार, भांडी बाजार या भागात दुकानातला माल रात्रीतून वर चढवण्याच्या गोष्टी घरोघरी मिळतील.

रंगपंचमीच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याने भरायचे जमिनीतले हौद, हा दुसरा विषय. पहिली उडी कुणी मारली, कुणाला ढकललं, अंगाचा रंग किती दिवस टिकला, हे सांगायला म्हातारी माणसंही सरसावून बसतात. नाशिकरोडला १९२५ पासूनच्या प्रेसमुळे, म्हणजे सरकारी छापखान्यामुळे, वाढलेल्या वसाहतीचं जगणं निराळं. तिथे भोंगा, पाळी आणि क्वार्टर हे आठवणींचे धागे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला म्हणून खानदेशातून आलेली कितीतरी घरं सिडकोत आहेत. तिथे मांडणी करणार असाल तर अहिराणीतच बोलू द्या, 'शुद्ध' करायला जाऊ नका. सिंहस्थात घरी येऊन राहिलेले पाहुणे, हाही एक झकास कोपरा आहे.

विषय ठरला की एक तपासणी करा: यातून कोण वगळलं जातंय? पंचवटीतल्या मंदिरांच्या आठवणी मांडायच्या आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाबद्दल ज्या घरांत बोललं जातं त्या घरांकडे फिरकायचंच नाही, असं केलंत तर ती मांडणी अर्ध्या गावाची होईल. आपल्या ओळखीतली दहा घरं म्हणजे गाव नव्हे. आळीच्या दुसऱ्या टोकाला जा, भाडेकरूंना विचारा, घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींना विचारा.

पायरी २: प्रश्न घडवा

इथे घाई करू नका. 'गोदावरीबद्दल तुमच्या भावना लिहा' असं विचारलं की लोक शाळेतला निबंध लिहितात. नाशकात रोजच्या बोलण्यात नदीला गंगा म्हणतात. 'गंगेवर गेलो होतो' म्हणणारा माणूस कार्डावर मात्र 'दक्षिणवाहिनी पवित्र गोदामाई' लिहून मोकळा होतो. दोष त्याचा नाही, प्रश्न फार फुगलेला आहे.

आता हा प्रश्न बघा: 'पाणी घरात शिरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांत आधी काय उचललंत?' याला सुविचाराने उत्तर देताच येत नाही. कुणी देवघरातले टाक उचलले असतील, कुणी रेशनकार्ड, कुणी दुकानाची खतावणी, कुणी शेजारणीचं तान्हं पोर. वस्तूचं नाव आलं की मागून माणसं येतात. चांगल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दातही देता येतं आणि दहा मिनिटंही. ते देताना कुणाला आपण अडाणी आहोत असं वाटत नाही, आणि कुणाची अब्रूही पणाला लागत नाही.

अपूर्ण वाक्य द्यायचं असेल तर मराठीची एक अडचण आधीच सोडवा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गाळलेली जागा वाक्याच्या मधोमध पडते आणि लोक तिथे दोनच शब्द कोंबतात. शिवाय 'मी ____ घेऊन बाहेर पडलो/पडले' असं तिरकी रेघ मारून छापलं की वाक्य सरकारी फॉर्मसारखं दिसतं. त्यापेक्षा प्रश्न वर छापा आणि खाली कोऱ्या तीन ओळी सोडा: 'बाहेर पडताना हातात काय होतं?' यात बाई-पुरुष, एकवचन-अनेकवचन कशाचाच घोळ नाही.

मग तो प्रश्न पाच-सहा जणांवर घासून बघा: इस्त्रीवाले काका, आत्या, कॉलेजातली पोरगी, रिक्षावाला. 'म्हणजे काय?' असं दोघांनी विचारलं तर प्रश्न बदला.

जवळिकीचे विषय, म्हणजे लग्न, प्रेम, आजारपण, गेलेली माणसं, यांत आडवळणाने विचारलेलं बरं. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस या कलाकाराने १९९१ मध्ये एड्सने गेलेल्या आपल्या जोडीदाराचं 'व्यक्तिचित्र' म्हणून चकचकीत कागदातल्या खायच्या गोड गोळ्यांचा ढीग मांडला. वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ८० किलो. येणाऱ्याने एक गोळी घेऊन जायची. ढीग झिजत जातो आणि पुन्हा भरला जातो. फोटो नाही, पत्रं नाहीत, तरी समजायचं ते समजतं. तुम्हीही 'तुमचं पहिलं प्रेम?' असं विचारू नका. 'कुणाचं अक्षर तुम्हाला लांबून ओळखू येतं?' असं विचारा.

पायरी ३: जागा

गंगाघाटाचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिल्या खेपेला तो टाळा. तिथली निम्मी गर्दी बाहेरगावच्या यात्रेकरूंची, वारा कागद टिकू देत नाही, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की सामान आवरायला पळावं लागतं.

वाड्याचा चौक देखणा खरा, पण दोन गोष्टी बघा. एक, इमारत धोकादायक म्हणून महापालिकेची नोटीस लागलेली तर नाही ना. दुसरी, वाड्यात भाऊबंदकीचा दावा चालू नाही ना. असेल तर एका भावाची परवानगी म्हणजे दुसऱ्याशी भांडण. वरच्या मजल्यावर आणि लाकडी जिन्यावर माणसं चढवू नकाच.

पहिल्या खेपेला मी तरी वाचनालयाचा एखादा कोपरा, शाळेचा हॉल किंवा सोसायटीचं पार्किंग सुचवेन. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक अशा जागांशी लोकांचा आधीपासून घरोबा असतो. तिथे किंवा तुमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात रीतसर अर्ज करून विचारा. रस्त्यावर किंवा चौकात करायचं असेल तर पोलीस ठाणं आणि महापालिकेचं विभागीय कार्यालय या दोन्ही ठिकाणी आधी जाऊन या. जुन्या नाशकात त्याच्याही आधी आळीच्या मंडळाच्या पोरांना भेटा. त्यांना विश्वासात घेतलंत तर टेबल, खुर्च्या आणि वीज यांची चिंता मिटते.

बायका कधी येऊ शकतील हे बघून वेळ ठरवा. दुपारची झोप झाल्यावर आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी, साधारण चार ते साडेसहा, ही त्यांची वेळ. आणि बसायची जागा पानटपरीच्या तोंडावर नको.

पायरी ४: आवाज गोळा करा

मांडणीच्या निदान महिनाभर आधी दहा-बारा आठवणी रेकॉर्ड करून ठेवा. साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, फ्रिज शक्य तर बंद, मोबाइल चौघडी टॉवेलवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. कुकरची शिट्टी आली तर येऊ द्या, ती घराची आहे.

सुरुवातीला सगळे एकच म्हणतात: "आमचं काय रे बाबा, सांगण्यासारखं काही नाही." इथे आग्रह करू नका, वस्तूकडे वळा. "आजी, हा हंडा कुठला?" असं विचारलं की तांबट आळीतला कारागीर, माहेरची वाट, हंड्यावर कोरलेलं नाव, लग्नातला रुसवा असं एकामागून एक निघत जातं. मध्ये त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. नवखा माणूस ती शांतता भरून काढायला पुढचा प्रश्न टाकतो आणि खरं बोलणं तिथेच तुटतं. अमेरिकेत २००३ पासून चालणाऱ्या स्टोरीकॉर्प्स प्रकल्पात दोन ओळखीची माणसं बूथमध्ये समोरासमोर बसतात आणि चाळीस मिनिटं एकमेकांशी बोलतात. त्यातलं घेण्यासारखं हे की विचारणारा परका नसावा. नातवाने आजीला विचारावं. तुम्ही फक्त रेकॉर्डिंग सांभाळा.

संमती कागदावर घ्या, मोठ्या अक्षरात आणि मराठीत. त्यात एवढं असावं: हा आवाज कुठे ऐकवणार, नाव लावायचं की नाही, आणि नको वाटलं तर कधीही काढून टाकू हे वचन. गोष्टीत दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर ते कापा. सासूबद्दल मोकळेपणाने बोललेल्या सुनेला संध्याकाळी त्याच आळीत राहायचं असतं.

संपादन करताना एक गोष्ट एक ते दीड मिनिटाची ठेवा. उभ्याने रिसीव्हर धरून माणूस त्याहून जास्त ऐकत नाही.

पायरी ५: दोन रिसीव्हरचा टेलिफोन

नवख्यांसाठी मला सर्वांत आवडणारी रचना हीच आहे. दोन जुने लँडलाइन फोन एका टेबलाच्या दोन बाजूंना ठेवा. दोन्ही रिसीव्हर उचलल्याशिवाय आवाज येत नाही. म्हणजे एकट्याने ऐकता येत नाही, कुणाला तरी समोर बोलवावं लागतं. मरीना अब्रामोविच ही कलाकार २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात सातशेहून अधिक तास खुर्चीवर बसून होती; समोरच्या खुर्चीत कुणीही येऊन न बोलता बसायचं, इतकंच. आपल्याकडे अनोळखी माणसाच्या डोळ्यांत असं रोखून बघणं अवघडच. कानाला रिसीव्हर असला की तेच सोपं होतं.

सामान: भंगारवाल्याकडून किंवा घराच्या माळ्यावरून काढलेले दोन फोन, एक आर्डुइनो नॅनो (हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), एक डीएफ-प्लेअर मिनी (हा जेमतेम दोन सेंटीमीटरचा, एमपी-थ्री वाजवणारा बोर्ड), आठ ओहमचे दोन छोटे स्पीकर, एक मायक्रो-एसडी कार्ड, १ किलो-ओहमचा एक रेझिस्टर आणि पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर. मल्टिमीटर, म्हणजे तारा जुळल्या की नाही हे तपासायचं यंत्र, कुणाकडून तरी मागून आणा.

फोन उघडा. रिसीव्हर ठेवायच्या जागी दट्ट्याखाली स्विच असतो. त्याच्या पट्ट्या मल्टिमीटरने तपासून रिसीव्हर उचलल्यावर जुळणारी जोडी शोधा. दोन्ही फोनच्या अशा जोड्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडा आणि आर्डुइनोच्या एका पिनला व ग्राउंडला द्या. दोन्ही उचलले तरच सर्किट पूर्ण होतं. 'दोघं मिळून' ही अट पाळायला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात 'एमपी३' नावाचं फोल्डर (नाव रोमन लिपीत द्यायचं), आणि फाइलींना ०००१, ०००२ असे चार आकडी क्रमांक. हेही रोमन आकड्यांत. आर्डुइनोकडून प्लेअरच्या आरएक्स (सूचना घेणाऱ्या) पिनकडे जाणाऱ्या तारेत तो रेझिस्टर घाला, नाहीतर आवाजात गुंगुं येते. दोन्हींचं ग्राउंड एकच हवं. प्लेअरच्या स्पीकरच्या दोन पिनांवरून दोन्ही रिसीव्हरमध्ये बसवलेले आठ ओहमचे छोटे स्पीकर सिरीजमध्ये जोडा. फोनची मूळ कॅप्सूल (कानाजवळचा जुना स्पीकर) बहुधा क्षीण वाजते, ती काढून टाका. आवाजाची पातळी ० ते ३० असते, पंधराच्या आसपास सुरुवात करा, कान जवळ असतो. प्रोग्रॅम इतकाच: सर्किट जुळलं की कुठलीही एक फाइल वाजव, तुटलं की थांबव.

फोन चालू लाइनला कधीही जोडू नका, घंटीच्या वेळी तिच्यात चांगलाच व्होल्टेज येतो. सोल्डरिंग जमत नसेल तर पॉलिटेक्निकच्या एखाद्या पोराला चहावर बोलवा. तेही नको असेल तर रिसीव्हरमध्ये इअरफोन बसवा आणि टेबलाखालच्या मोबाइलवर गोष्टी एकामागून एक लावून द्या. उचलण्याची गंमत जाते, गोष्ट जात नाही.

पायरी ६: कार्ड आणि दोरी

टेलिफोनजवळच सुतळीची दोरी, कपड्यांचे चिमटे आणि पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं. पेन्सिली दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्या तासात संपतात. चष्मा विसरलेल्यांसाठी एक वाचायचा चष्मा ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुम्ही लिहा, पण ते बोलले तसंच, आणि वाचून दाखवल्यावरच टांगा.

कोऱ्या दोरीवर पहिलं कार्ड टांगायला कुणी धजत नाही. प्रश्न घासून बघताना मिळालेली खरी उत्तरं आधीच लावून ठेवा. स्वतः बसून खोटी उत्तरं रचू नका. आळीतल्यांना ती लगेच ओळखू येतात. आणि एक बंद पेटी ठेवा, वर स्पष्ट लिहा: 'यातलं कुणी वाचणार नाही. मांडणी संपल्यावर फाडून टाकू.' हे वचन मोडायचं नाही, कितीही उत्सुकता असो.

पायरी ७: मांडणीचे दोन दिवस

शनिवार-रविवार पुरे. गणपती, नवरात्र हे दिवस टाळा, डीजेपुढे कुणाचाच रिसीव्हर चालत नाही. रहाडीच्या दिवशी तर विजेचं काहीच बाहेर काढू नका.

कायम एक यजमान हवा. 'या, बसा, पाणी घेता?' एवढं म्हणून बाजूला होणारा. कलेचा अर्थ समजावणारा नको. कुणी डोळे पुसले तर मोबाइल काढणाऱ्याला अडवणं हेही त्याचंच काम. 'फोटो विचारून काढा' अशी पाटी लावा. दोरीवर जाहिरात, फोन नंबर किंवा शिवी आली तर काढा. तक्रार आली तर राहू द्या. 'पूर आला तेव्हा कुणीही फिरकलं नाही' हीसुद्धा आठवणच आहे. स्थानिक पुढाऱ्यांना उद्घाटनाला बोलवायचं का, हा प्रश्न येणारच. माझं ऐकाल तर उद्घाटनच ठेवू नका, म्हणजे फ्लेक्सही लागत नाही आणि कुणी रुसतही नाही.

पायरी ८: आवरल्यावर

पेटीतले कागद ठरल्याप्रमाणे फाडा आणि रद्दीत द्या. भावनेच्या भरात गंगेत सोडू नका. कार्डांचे फोटो काढा. फाइलला तारीख, आळी आणि विषय अशी नावं द्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ज्यांचा आवाज घेतला त्यांच्या घरी आठवड्याच्या आत संपूर्ण रेकॉर्डिंग, न कापलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मोबाइल नीट न हाताळणाऱ्या आजीच्या बाबतीत स्वतः जाऊन ऐकवून या. पुढच्या मांडणीचा विषय बहुतेक वेळा त्याच भेटीत मिळतो. वाचनालय तयार असेल तर एक प्रत त्यांच्याकडे द्या, पण संमतीपत्रात तसं लिहून घेतलं असेल तरच. मंडळाच्या खुर्च्या मोजून परत करा आणि फोनमधलं मेमरी कार्ड काढायला विसरू नका.